तोंडी वॉरंटी आणि खड्ड्यातली गाडी

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यातील कोणत्याही वसाहतीत संध्याकाळी चक्कर मारली, तर एक बदल सहज नजरेत भरतो. जिथे पूर्वी सायकली आणि नंतर स्कूटर उभ्या असत, तिथे आता चारचाकी गाड्या उभ्या आहेत. कुणाच्या काचेवर निळ्या अक्षरांत ‘जयभीम’, कुणाच्या काचेवर मुलामुलींची नावे. यांतील कितीतरी गाड्या शोरूममधून थेट आलेल्या नाहीत. त्या आधी दुसऱ्या कुणीतरी वापरलेल्या आहेत. रेल्वेतला कर्मचारी, महापालिकेचा कामगार, शाळेतला शिक्षक, रुग्णालयातली परिचारिका अशी माणसे पतपेढीचे कर्ज काढून किंवा भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन दोन-तीन लाखांची जुनी गाडी घरी आणतात. ती त्या घराण्यातील पहिली गाडी असते. चैनीसाठी कुणी ती घेत नाही. म्हाताऱ्या आईला रात्री-अपरात्री इस्पितळात न्यायचे असते, मुलीला परीक्षा केंद्रावर वेळेत पोहोचवायचे असते, गावाकडचे लग्न-मयत गाठायचे असते.

पेढे वाटून आणलेली ही गाडी पहिला पावसाळा संपण्याआधीच खालून खडखडू लागते. गतिरोधकावरून जाताना ‘खट्’ असा आवाज येतो, स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागते, टायर आतल्या कडेने झिजतो. मालक गाडी घेऊन विक्रेत्याकडे जातो आणि तिथे त्याला ठरलेले वाक्य ऐकायला मिळते, ‘हे खालचं काम आहे साहेब. हे वॉरंटीत येत नाही.’

हा प्रश्न एका गाडीचा असता, तर त्यासाठी या पानावरील जागा अडवण्याचे कारण नव्हते. परंतु कष्टाच्या पैशाचा हा व्यवहार केवळ शब्दावर होतो आणि शब्द फिरला की नुकसान नेहमी एकाच बाजूचे होते, म्हणून त्याची चर्चा उघडपणे झाली पाहिजे.

वाहन आणि आपण

वाहनाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९०१ साली सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर उतरलेल्या लहानग्या भीमराव आंबेडकरांना आणि त्यांच्या भावंडांना जातीमुळे बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करावे लागले आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. पुढे १९२९ साली, मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य असताना, चाळीसगावला बाबासाहेबांना घेऊन जायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. वस्तीतील माणसांनी टांगा तेवढा मिळवला. पण तो हाकणाऱ्याला टांगा चालवण्याचा सराव नव्हता. नाल्यावरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या समाजाला दुप्पट पैसे मोजूनही धड वाहन मिळत नव्हते, त्या समाजातील माणूस आज स्वतःच्या नावावरची गाडी चालवतो, या गोष्टीचे मोल पैशात करता येणार नाही. म्हणूनच या माणसाला खोटे सांगून खिळखिळी गाडी गळ्यात मारणारा त्याच्या पैशापेक्षा मोठे काहीतरी लुटत असतो.

गाडीखाली काय असते?

सस्पेन्शन म्हणजे काय, हे आधी सोप्या शब्दांत समजून घेऊ. चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जी यंत्रणा धक्का झेलते, ती सस्पेन्शन. पुढच्या चाकांना स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला स्ट्रट असतो. चाकाला खालून धरून ठेवणारा लोअर आर्म असतो. त्याच्या एका टोकाला बॉल जॉइंट आणि दुसरीकडे रबरी बुश असतात. गाडी वळणावर कलू नये म्हणून आडवी दांडी असते आणि तिला जोडणारे लिंक रॉड असतात. स्प्रिंग धक्का झेलते आणि शॉकॲब्सॉर्बर स्प्रिंगचे हेलकावे थांबवतो. शॉकॲब्सॉर्बरमधील तेल गळाले, की गाडी होडीसारखी डुलते. बुश फाटले, की लोखंडावर लोखंड आपटते. बॉल जॉइंट सैल झाला आणि तसाच वापरला, तर एखाद्या दिवशी चालत्या गाडीचे चाक आडवे होऊ शकते. तेव्हा ‘थोडा आवाज येतोय, चालतंय’ असे म्हणून सोडून देण्याची ही बाब नव्हे. ब्रेकइतकाच हा जिवाचा प्रश्न आहे.

आता ही यंत्रणा आपल्या भागातील रस्त्यांवर ठेवून पाहा. घोडबंदर रस्ता, गायमुखचा घाट, मुंब्रा बाह्यवळण, भिवंडी-कल्याण मार्ग, कल्याण-शीळ रस्ता, डोंबिवलीतील एमआयडीसीचा भाग. पावसाचे पाणी डांबरात मुरते, खडी सुटते, वरून अवजड वाहने जातात आणि महिन्याभरात वाटीएवढ्या खड्ड्याचे टोपले होते. खड्ड्यात पेव्हर ब्लॉक भरले, तर त्यांच्या कडा पुन्हा चाकाला मारतात. गतिरोधकांची गोष्ट वेगळीच. भारतीय रस्ते महासभेच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी अलगद पार होते. आपल्या गल्लीतील गतिरोधकाला टेप लावून पाहा. हातभर रुंदीचा तो उंचवटा गाडी थांबवण्यासाठी आहे की मोडण्यासाठी, हे कुणालाही कळेल. मानक कागदावर लेखी आहे, पण रस्त्यावर त्याची विचारपूस करणारा कुणी नाही.

त्यात आपल्याकडच्या जुन्या गाड्यांपैकी अनेक सीएनजीवर चालतात. नंतर बसवलेली टाकी मागच्या बाजूला कायमचे वजन टाकते आणि मागच्या स्प्रिंग लवकर बसतात. काही गाड्या आधी भाड्याने धावलेल्या असतात. पिवळी पाटी जाऊन पांढरी येते आणि मीटर मागे फिरवलेला असतो. वरून रंगरंगोटी झालेली असते, पण खाली वाकून कोण पाहतो?

‘लिहिलंय का कुठे?’

डोंबिवलीत राहणारे आमचे एक स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. सारे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी एका कार बाजारातून पावणेतीन लाखांना एक छोटी गाडी घेतली. विक्री करणारा तरुण गोड बोलणारा होता. ‘काका, सहा महिने काही काळजी करू नका, सगळी वॉरंटी आपली,’ असे तो म्हणाला. सहाव्या आठवड्यात गाडी खडखडू लागली. मेकॅनिकने खाली पाहून सांगितले, दोन्ही लोअर आर्म गेले, पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर गळतात, लिंक रॉड आणि माउंटही बदलावे लागतील. अलाइनमेंट धरून खर्च अठरा हजार.

गुरुजी बाजारात गेले. तिथे त्यांना वॉरंटीचा कागद दाखवण्यात आला. त्यावर दोनच शब्द होते, इंजिन आणि गिअरबॉक्स.

‘पण तुम्हीच म्हणालात ना, सगळी वॉरंटी?’

‘म्हणालो असेन, काका. पण लिहिलंय का कुठे?’

या एका प्रश्नात साऱ्या जुन्या गाड्यांच्या बाजाराचा धर्म आला. बोलताना सगळे द्यायचे आणि लिहिताना काही द्यायचे नाही. गुरुजींचे नशीब एवढेच, की गाडी घेण्याच्या आदल्या दिवशी त्याच तरुणाने मोबाइलवर संदेश पाठवला होता, ‘६ महिने फुल वॉरंटी’. गुरुजींनी तो जपून ठेवला होता. वकील भाच्याकडून त्यांनी एक पानाची नोटीस पाठवली, सोबत संदेशाची प्रत आणि मेकॅनिकचे लेखी अंदाजपत्रक जोडले. पंधरा दिवसांनी बाजारवाल्याने सुट्या भागांचा खर्च दिला आणि मजुरी गुरुजींनी भरली. पूर्ण न्याय मिळाला असे म्हणता येणार नाही. पण तोंडी शब्दावर त्यांना एक रुपयाही मिळाला नसता. जे मिळाले, ते एका ओळीच्या लेखी पुराव्यामुळे मिळाले.

वॉरंटी तीन प्रकारची

जुन्या गाडीच्या बाबतीत ‘वॉरंटी’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. पहिली, कंपनीची मूळ वॉरंटी. गाडी दोन-तीन वर्षांची असेल, तर तिचा उरलेला काळ सहसा नव्या मालकाला मिळतो. मात्र अधिकृत केंद्रातील सर्व्हिसची नोंद सलग असावी लागते. दुसरी, पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी. ती बहुधा आपोआप येत नाही. नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावी लागते. तिसरी, विक्रेत्याने स्वतः दिलेली. ती कागदावर जेवढी आहे तेवढीच, आणि बहुतेक वेळा इंजिन व गिअरबॉक्सपुरतीच असते.

या तिन्हींमध्ये एक शब्द दबा धरून बसलेला असतो, तो म्हणजे ‘झीज’. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर, रबरी बुश हे वापराने झिजणारे भाग वॉरंटीत धरले जात नाहीत, आणि त्याच यादीत अनेकदा शॉकॲब्सॉर्बर आणि बॉल जॉइंटही घातलेले असतात. झिजणारा भाग झिजला, तर त्याचा खर्च मालकाने करावा, यात अन्याय नाही. परंतु गाडी विकताना जो भाग आधीच गेलेला होता, तो ‘झीज’ नव्हे. तो लपवलेला दोष आहे. दोन्हींतला फरक ठरवणारा पुरावा म्हणजे गाडी ताब्यात घेण्याच्या दिवसाचा तपासणी अहवाल. तो नसेल, तर विक्रेता म्हणणार, तुमच्याच खड्ड्यांत गेले.

आणि खड्ड्यातच गेले असेल तर? एकाच जोराच्या आपटण्याने लोअर आर्म वाकला, रिम फुटली, तर तो अपघात आहे. सर्वंकष विमा असेल, तर त्याचा दावा करता येतो. हळूहळू झालेली झीज विम्यात बसत नाही, पण अचानक बाहेरून बसलेला आघात बसतो. म्हणून त्याच जागी गाडी थांबवून खड्ड्याचे, चाकाचे, रस्त्याच्या खुणेचे फोटो काढावेत आणि विमा कंपनीला लगेच कळवावे. सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी गाडी खोलू देऊ नये. साध्या विम्यात रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के कापले जातात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपले असतात आणि दावा केला की पुढच्या वर्षीची सवलत जाते. हा हिशेब मांडूनच दावा करायचा की खिशातून खर्च करायचा, ते ठरवावे.

कायदा कुणाच्या बाजूने?

अनेकांचा समज आहे, की जुन्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही. हा समज चुकीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून अमलात आला, तो धंदा म्हणून जुन्या गाड्या विकणाऱ्यालाही लागू होतो. पैसे घेऊन बिल किंवा पावती न देणे हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. वस्तूविषयी खोटी माहिती देणे, पुरेशा चाचणीशिवाय टिकाऊपणाची हमी देणे, हेही त्यातच येते. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, त्यापुढे दहा लाखांपर्यंत २०० रुपये आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील लावणे सक्तीचे नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. पोट भरण्यासाठी स्वतः गाडी चालवणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे, की स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’ ठरत नाही. तोही ग्राहकच आहे.

कायद्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर लोक चुकीच्या भरवशावर राहतात. शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून थेट गाडी घेतली, तर तो व्यापारी नव्हे आणि ग्राहक आयोगाचा दरवाजा तिथे बंद असतो. मग आधार राहतो तो जुन्या करार कायद्याचा आणि वस्तुविक्री कायद्याचा. दोष माहीत असून मुद्दाम झाकला, तर ती फसवणूक ठरते, पण ती दिवाणी न्यायालयात सिद्ध करावी लागते. दुसरे, वस्तुविक्री कायदा १९३० म्हणतो, की खरेदीदाराने वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल नंतर कुरकुर करता येत नाही. म्हणूनच ‘गाडी पाहून, चालवून पसंत केली’ अशा छापील ओळीखाली घाईने सही करू नये. ‘जसे आहे तसे’ हे तीन शब्दही सहज वाचून सोडू नयेत. तिसरे, आयोगापुढे खटले कायद्यात लिहिलेल्या मुदतीपेक्षा लांबतात. ज्याच्याकडे कागद आहे, तोच टिकतो.

नावाच्या हस्तांतरणाची बाबही याच कागदाशी जोडलेली आहे. मोटार वाहन कायद्यानुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० भरायचे, कर्ज असेल तर बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ घ्यायचा. गाडी ठाण्याच्या एमएच-०४ ची असो की कल्याणच्या एमएच-०५ ची, नोंद बदललेली नसेल, तर विमा कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडवू शकते. विकणाऱ्यासाठी तर हे अधिक धोक्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. ते पाहायला मागणे हा आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला?

घेण्यापूर्वी अर्धा तास

गाडी नेहमी दिवसा, कोरड्या जागेत पाहावी. बोनेटच्या दोन्ही कोपऱ्यांवर जोराने दाबून सोडावे. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली पाहिजे. दोन-तीनदा हेलकावली, तर शॉकॲब्सॉर्बर गेला. चाकाच्या आत टॉर्च मारून तेलाचा ओघळ पाहावा. टायरवर हात फिरवावा, आतली कड जास्त झिजली असेल, तर अलाइनमेंट किंवा लोअर आर्म संशयास्पद आहे. टायरवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. मीटर वीस हजार किलोमीटर दाखवतो आणि ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, तर मीटर खोटा समजावा. एसी आणि गाणी बंद करून, काचा खाली करून खराब रस्त्यावर हळू गाडी चालवावी. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून आवाज ऐकावा. आणि शेवटी विश्वासातील मेकॅनिकला पाचशे-हजार रुपये देऊन गाडी रॅम्पवर चढवावी. विक्रेता त्याला तयार नसेल, तर उत्तर मिळाले असे समजून परत फिरावे.

मेकॅनिककडून जे दिसले ते साध्या कागदावर लिहून, तारीख घालून सही घ्यावी. त्याची एक प्रत विक्रेत्याला द्यावी आणि पोच घ्यावी. त्याच कागदावर विक्रेत्याकडून दोन ओळी घ्याव्यात. कोणते भाग, किती महिने किंवा किती किलोमीटर, भाग आणि मजुरी दोन्ही की एकच, आणि काम कोणत्या गॅरेजमध्ये होणार. या चार प्रश्नांची उत्तरे लेखी नसतील, तर ‘वॉरंटी’ हा शब्द निव्वळ सजावट आहे.

गॅरेजचा प्रश्न

दुरुस्तीची वेळ आली, की मालक दोन भीतींमध्ये सापडतो. अधिकृत केंद्रात गेले तर खर्च परवडत नाही, बाहेर गेले तर वॉरंटी जाईल असे सांगितले जाते. या दडपणाची दखल भारतीय स्पर्धा आयोगाने घेतली होती. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारणे, यावर आयोगाने बोट ठेवले. प्रकरण पुढे अपिलात गेले, दंडावर वाद झाले. पण मुद्दा कायम आहे, की घेतलेल्या वस्तूच्या दुरुस्तीवर ग्राहकाचाही अधिकार असला पाहिजे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केले, तेव्हा त्यातही मोटारींचा समावेश होता.

रस्त्याकडेच्या गॅरेजमधील मेकॅनिक हा आपला शत्रू नव्हे. तोही हातावर पोट असलेला माणूस आहे. कित्येक ठिकाणी तो आपल्याच वस्तीतला मुलगा असतो, आयटीआय करून किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकून उभा राहिलेला. त्याच्याशीही कागदावरच व्यवहार करावा, म्हणजे दोघांचाही मान राहतो. काम सुरू करण्यापूर्वी अंदाजपत्रक, भाग कोणत्या कंपनीचा ते बिलावर, काढलेला जुना भाग हातात, आणि कामाची हमी किती दिवस ते लेखी. शॉकॲब्सॉर्बर नेहमी जोडीने बदलावेत, एकच बदलला तर गाडी एका बाजूला बसते. लोअर आर्म किंवा टाय रॉड बदलल्यावर अलाइनमेंट करूनच गाडी न्यावी, नाहीतर नवे टायर काही महिन्यांत खपतात. आणि आपल्या तरुण मेकॅनिक बांधवांना विनंती, की एक बिलबुक छापून घ्या. लेखी हमी देणाऱ्या गॅरेजकडे गिऱ्हाईक दुरून येते.

रस्त्याची वॉरंटी कुणी द्यायची?

एवढे सारे केले, तरी मूळ दुखणे उरतेच. गाडी कितीही चांगली घेतली आणि तोच रस्ता असेल, तर वर्षभरात पुन्हा अठरा हजार. एक रस्ता महापालिकेचा, दुसरा सार्वजनिक बांधकामचा, तिसरा एमएमआरडीएचा, चौथा रस्ते विकास महामंडळाचा. खड्ड्याला मात्र हद्द कळत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात एकट्या कल्याणमध्ये खड्ड्यांनी पाच माणसांचे बळी घेतल्याच्या बातम्या आल्या. शिवाजी चौकात दुचाकीवरून पडलेली एक महिला बसच्या चाकाखाली आली. तेव्हा प्रश्न गाडीच्या लोखंडाचा राहत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या पत्रावरून खड्ड्यांची दखल घेतली आणि एप्रिल २०१८ च्या निकालात सुस्थितीतील रस्ते हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. नागरिकांना तक्रार करता यावी अशी यंत्रणा उभारण्याचे आदेशही दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. या रकमा मृत्यू आणि दुखापतीसाठी आहेत, मोडलेल्या लोअर आर्मसाठी नव्हेत. तरीही जबाबदारी कुणाची, हे न्यायालयाने कागदावर आणले आहे. आता खड्ड्याची तक्रार फोटो, तारीख आणि ठिकाणासह लेखी करून तिचा क्रमांक जपून ठेवणे हे आपले काम आहे. उद्या त्याच खड्ड्यात कुणी पडले, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे अधिकाऱ्याला म्हणता येऊ नये.

विक्रेत्याची वॉरंटी असो, मेकॅनिकची हमी असो, की महापालिकेचा रस्ता, प्रश्न एकच आहे. शब्दावर चालणारा व्यवहार नेहमी ओळखी असलेल्यांच्या सोयीचा असतो. ज्याचा काका आरटीओत, मामा नगरसेवक आणि मित्र डीलर आहे, त्याला लेखी कागद लागत नाही, त्याचे काम फोनवर होते. ज्याला अशी ओळख नाही, त्याची ओळख म्हणजे कागद. आपल्या समाजातील बहुसंख्य माणसे या दुसऱ्या गटात आहेत. ‘लिहून द्या’ म्हणताना आपल्याला संकोच वाटतो, समोरचा ‘विश्वास नाही का?’ असे विचारून आपल्याला गप्प करतो. विश्वास असणाऱ्याला एक ओळ लिहून द्यायला अडचण काय?

आपल्या भागात बुद्धविहारे आहेत, वाचनालये आहेत, कर्मचारी संघटना आहेत. वकिली करणारे, आरटीओत काम करणारे, गॅरेज चालवणारे बांधव आहेत. महिन्यातून एका रविवारी दोन तास त्यांनी बसावे. कुणाची गाडीची कागदपत्रे पाहून द्यावीत, कुणाला नोटीस लिहून द्यावी, कुणाची ग्राहक आयोगाची तक्रार भरून द्यावी. जयंतीच्या मंडपातील एक टेबल यासाठी राखून ठेवले, तरी सुरुवात होईल.

आणि ज्यांचा गाडी घेण्याचा विचार चालू आहे, त्यांनी बयाणा देण्यासाठी खिशात हात घालण्याआधी तो खिशातच ठेवून दुसऱ्या हाताने कोरा कागद पुढे करावा. ‘भाऊ, आता जे बोललात, तेवढे यावर लिहा आणि खाली सही करा.’ समोरच्याने लिहिले, तर पैसे मोजा. नाही लिहिले, तर उठा आणि कल्याणची लोकल पकडा. गाड्या आणखी मिळतील.